रामनगरचा नंबर

पत्र दांडेलीहून आलं होतं. शिल्पा वेळीप ते दोन्ही हातांत धरून हायस्कूलच्या पायरीवर उभी होती.

"टीचर, माझी डिग्री खोटी म्हणत्यात."

अंकिता कुंभारवाडा गावातल्या या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. तिने पत्र दोनदा वाचलं. शिल्पाला नोकरी देऊ केलेल्या संस्थेने तिचं बी.ए.चं प्रमाणपत्र पडताळणीसाठी विद्यापीठाकडे पाठवलं होतं. 'या नावाची विद्यार्थिनी आमच्याकडे नाही,' असं उत्तर आलं होतं. सोमवारपर्यंत खुलासा करा, नाहीतर पोलिसांत तक्रार.

"लोक म्हणत्यात, ऑनलाइन डिग्री म्हणजे असलंच. पण तीन वर्षं अभ्यास केलाय हो मी. भात लावून आल्यावर केलाय."

"आधी तपासू."

शाळेमागच्या टेकाडावर जेमतेम रेंज यायची. अंकिता तिथे जाऊन बसली. विद्यापीठ सरकारच्या मान्यताप्राप्त यादीत होतं. ऑनलाइन बी.ए. चालवायची परवानगीही त्याला होती. प्रमाणपत्रावरचा नोंदणी क्रमांक तिने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकला. हिरवी खूण आली: क्रमांक वैध. नाव दाखवलं नाही.

विद्यापीठ खरं. क्रमांकही खरा. मग खोटं काय?

"तुझा पासवर्ड?"

"सुदेशदादाकडं. मावशीचा ल्योक. रामनगरला त्याचं झेरॉक्सचं दुकान हाय न्हवं, त्यानंच नाव घातलं."

"मोबाइल नंबर?"

"त्याचाच. हितं रेंज कुठाय? बँक असूदे न्हाईतर गॅस, आमच्या घरच्या सगळ्यांचा नंबर रामनगरचाच."

"परीक्षा कुठे दिलीस?"

"दुकानातच. दादा प्रश्न छापून द्यायचा. मी आतल्या खोलीत बसून कागदावर लिवायची. मग तो फोटो काढून पाठवायचा."

"कॅमेरा होता?"

"आत न्हवता. भायर, दुकानातल्या कॉम्प्युटरला हुता."

"बाहेर कोण असायचं?"

"मनीषावैनी. दादाची बायको. दुकान बघायची. आता खानापूरला नोकरीला लागलीया, आयतवारी तेवढी घरी असते."

अंकिताने वहीत एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

रविवारी सकाळच्या बसने दोघी रामनगरला पोचल्या.

"ये, ये शिल्पे! टीचर, बसा. च्या सांगतो," सुदेश म्हणाला. पत्र वाचून त्याने कपाळावर हात मारला. "बेळगावच्या एका एजंटकडनं नाव घातलं हुतं, त्यानंच फशिवलं बघा! फोनबी बंद हाय त्याचा."

"लॉगिन त्याच्याकडे होतं?"

"सगळं त्याच्याकडंच. मी नुस्ते फोटो धाडायचो."

"खातं तुमच्या हातात कधीच नव्हतं?"

"न्हाई ओ. देवाशप्पत."

अंकिताने आपल्या फोनवर विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडलं. प्रमाणपत्रावरचा क्रमांक टाकला आणि 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवलं.

काउंटरवर सुदेशचा फोन थरथरला.

"बघा," अंकिता म्हणाली. "ओटीपी आला असेल."

सुदेशने फोन पालथा घातला.

"खातं एजंटचं असतं, तर ओटीपी त्याला गेला असता. या क्रमांकाचं खातं तुमच्या नंबरवर आहे. आणि विद्यापीठ म्हणतं, शिल्पा वेळीप त्यांच्याकडे नाहीच. मग हा क्रमांक कुणाचा? परीक्षेच्या कॅमेऱ्याला समोरचा चेहरा दिसतो. आतल्या खोलीत कोण लिहितंय, ते दिसत नाही." ती आतल्या दाराकडे वळली. तिथे मनीषा केव्हाची उभी होती. "खानापूरच्या नोकरीला कुठली डिग्री दाखवलीत, वहिनी?"

मनीषाने मान खाली घातली.

"त्याच प्रमाणपत्राची नक्कल शिल्पाला दिलीत. नाव आणि फोटो तेवढा बदलला. क्रमांक मुद्दाम तसाच ठेवला, म्हणजे कुणी तपासलं तर हिरवी खूण दिसेल. पत्र पाठवून नाव विचारणारं कुणी भेटेल, हे ध्यानात आलं नाही."

"घरातच ऱ्हायली न्हवं डिग्री?" सुदेश एकदम उसळला. "परक्याला दिली काय? कुंभारवाड्यात बसून ही काय करणार हुती तिचं?"

शिल्पा उठली.

"वैनी, मला मार्क किती पडले?"

"शहाऐंशी टक्के," मनीषा पुटपुटली.

"माझ्या कागदावर त्रेपन्न लिवलेत."

"जास्त लिवले असते तर लोकांनी चौकशी केली असती," सुदेश म्हणाला.

"त्रेपन्न बघून दोन दिवस जेवली न्हवती मी. तूच समजूत काढायला आलास, दादा."

तिने काउंटरवरचा कोरा कागद ओढला.

"शिल्पे, मावशीचा तरी इचार कर!"

"टीचर," त्याच्याकडे न बघता शिल्पाने विचारलं, "विद्यापीठाला लिहू, की पोलिसांना?"

"दोघांनाही."

शिल्पाने दुसरा कागद घेतला.