तिसऱ्या डब्याचं दुसरं दार

बॅगेचा पट्टा दारात अडकला तेव्हा ती घाईत नव्हती, हे आधी सांगायला हवं. कारण नंतर बरेच जण म्हणाले की घाईत चढली असेल.

ड्यूटी संपवून, गणवेश बदलून, दुपारी चारच्या सुमाराला ती चार प्रवाशांसारखी शांतपणे मेट्रोत चढली होती. बॅग तिच्याबरोबर आत आली, पट्टा मात्र दाराबाहेर राहिला. दोन्ही फळ्या मिटल्या. दारावरचा तांबडा दिवा विझला, म्हणजे दार नीट बंद झालं असं गाडीला वाटलं. गाडी निघाली.

तिनं पट्टा ओढला. हलेना. जरा जोर लावून पुन्हा ओढला…

"ओढू नका," शेजारून आवाज आला. "तुटला तर बाहेरचा भाग कशात तरी गुंतेल."

तिनं मान वळवली. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक माणूस दाराच्या फटीकडे बघत होता. तिच्याकडे नाही, फटीकडे.

"मग काय करू?"

"थांबायचं. पुढच्या चार स्टेशनांवर पलीकडची दारं उघडतात. पाचव्यावर ही."

हे तिला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. या लाइनवर ती तीन वर्षं गाडी चालवत होती. पण तो इतक्या मनापासून सांगत होता, की तिनं त्याला सांगू दिलं.

"म्हणजे चार स्टेशनं मी या दाराला बांधलेली."

"हो. पण… सोबत मिळेल."

त्यानं अंगठ्यानं दाराच्या कडेचं रबर दाबून पाहिलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं.

"दगड झालाय," तो पुटपुटला.

"तुम्हाला रबरातलं कळतं?"

"दारांचं काम करतो."

"घरांच्या?"

"नाही, चालत्या." तो पुन्हा हसला. "आणि तुम्ही?"

"मी दारं बंद करते."

त्यानं बराच विचार केला. "शाळेत आहात का?"

तिला इतकं हसू आलं की पट्ट्याचाच आधार घ्यावा लागला. "जवळपास," ती म्हणाली.

दुसऱ्या स्टेशनवर त्यानं पाटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. दारं उघडली, मिटली.

"तुमचं स्टेशन गेलं वाटतं."

"गेलं. स्टेशनं कुठं पळून जातात… येतो परतीच्या गाडीनं."

पाचव्या स्टेशनवर दार उघडलं आणि पट्टा सुटला. त्याच्यावर एक काळी रेघ उमटली होती. दोघं फलाटावर उतरली, एकमेकांना नाव न विचारताच निरोप घेतला. ती घरी पोचली तेव्हा वहिनीनं तिच्याकडे एकदा निरखून पाहिलं.

"काय गं, वाटेत काय सापडलं?"

"काही नाही. बॅग अडकली होती."

"बॅग अडकल्यावर कुणी असं हसत घरी येत नाही," वहिनी म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वाट्याला नेमकी तीच गाडी आली, चौदा नंबरची. ती केबिनमध्ये जाण्याआधी सरळ तिसऱ्या डब्यात गेली. दुसऱ्या दाराच्या फळ्यांमध्ये तिनं आपल्या मिटलेल्या छत्रीचा दांडा आडवा धरला, नीट टेकवून ठेवला, आणि पुढं जाऊन सगळी दारं बंद केली. दारात काही आलं की दारानं आपोआप उघडायचं असतं. ते जाणवतं रबराच्या कडेला. रबर कडक झालं की दार आंधळं.

केबिनमधला दिवा म्हणाला, सगळं बंद. ती परत गेली. छत्री दारात चिमटीत धरल्यासारखी अडकून होती.

"ही गाडी मी नेणार नाही," तिनं सांगितलं.

कारशेडचे साहेब धावत आले. सहकाऱ्यांनी तिचं नाव 'ब्रेकबाई' ठेवलं होतं, त्यामागं असेच दोन-तीन प्रसंग होते. साहेबांनी ते नाव तोंडावर म्हटलं नाही, पण त्यांच्या कपाळावर ते लिहिलेलं दिसत होतं.

"अहो बाई, हे दार परवाच तपासलंय. पुस्तकात सही आहे. बोलवा रे त्याला, ठोकळ्याला."

ठोकळा म्हणजे दारं तपासणारा फिटर. बोटभर जाडीचा लाकडी ठोकळा दारात धरून बघायचा, हे त्याचं काम. तो ठोकळा कायम खिशात, आणि स्वभावानं मितभाषी, म्हणून दोन्ही अर्थांनी हे नाव त्याला चिकटलं होतं.

तो आला. बाह्या दुमडलेल्या. तिला गणवेशात पाहिलं आणि जागीच थबकला.

"दारं बंद करणाऱ्या…" तो हळूच म्हणाला.

"ही सही तुझी?" साहेबांनी पुस्तक पुढं केलं.

त्यानं पुस्तकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकाकडे. "माझीच."

काल दाबून पाहिलेल्या रबराचा त्यानं उल्लेखही केला नाही.

तिला राग यायला हवा होता. राग आलाही. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी दुखलं, आणि त्याला काय म्हणायचं ते तिला कळेना. चार स्टेशनांच्या ओळखीत माणसानं इतकं कशाला मनावर घ्यावं?

गाडी त्या दिवशी दुसऱ्या चालकानं नेली. तिच्या हातात दुपारी पत्र पडलं: कामात कसूर केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा.

मग व्हायचं तेच झालं. चालक म्हणाले, फिटर न बघता सह्या ठोकतात. फिटर म्हणाले, चालकांना गाडी न्यायची नसली की दार आठवतं. कॅन्टीनमध्ये दोन टेबलं आधीपासून होती, आता त्यांच्या खुर्च्यांच्या पाठी एकमेकींकडे झाल्या. चालकांचा पुढारी तिला म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त त्या ठोकळ्याचं नाव लिहा. बाकी आम्ही बघतो." तिनं मान हलवली, पण होकारार्थी नाही.

*

तिसऱ्या दिवशी, गाड्या धुवायच्या जागेमागच्या बाकावर ती एकटीच बसली होती. वाऱ्यानं फवाऱ्याचे तुषार तिथपर्यंत येत होते, आणि उन्हात ते अंगावर बरे वाटत होते. तो दोन ग्लास चहा घेऊन आला. बसू का, असं न विचारता उभाच राहिला.

"चहा गार होईल. बसा," ती म्हणाली.

तो बसला. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"ते दार मी तपासलं नव्हतं," तो म्हणाला. "सही केली, पण तपासलं नव्हतं. आम्ही नऊ जण होतो, आता चार आहोत. बावीस गाड्या, एकेका गाडीला चोवीस दारं. साहेबांनी सांगितलं, डब्यामागं एक दार बघा, बाकीच्यांपुढं खूण करा. तोंडी सांगितलं. सही मात्र माझी."

"मग त्या दिवशी गाडीत…"

"अंगठा लावला तेव्हाच कळलं. परत येऊन साहेबांना सांगितलंही. ते म्हणाले, उद्या बघू." त्यानं ग्लास दोन्ही हातांत फिरवला. "पण गाडीत तुमच्यापाशी बोललो नाही. तुम्ही हसत होता. मला वाटलं, आत्ता बोललो तर हे हसू जाईल. चार स्टेशनं मी स्वार्थीपणानं उभा होतो."

तिनं चहाचा घोट घेतला.

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, साहेबांसमोर?"

"तेव्हा घाबरलो."

"चौकशीत काय सांगणार?"

"अजून… धीर होत नाही. घरी आई आहे, धाकटी बहीण शिकतेय."

"मी सांगा म्हणणार नाही," ती म्हणाली. "नोकरी तुमची आहे. मी फक्त दाराबद्दल बोलेन. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

"का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या भुवईवर पाण्याचा एक थेंब थांबला होता. तो पुसावा, असं एकदम तिच्या मनात आलं, म्हणून तिनं नजर ग्लासाकडे वळवली.

"तुमचं नाव मला माहीतच कुठं आहे," ती म्हणाली.

तो त्या दिवसांत पहिल्यांदाच हसला.

*

चौकशीला मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज मऊ, प्रश्न धारदार. तिनं छत्रीची हकिगत सांगितली, दिव्याची सांगितली. मग तिला बाहेर बसवलं आणि त्याला आत बोलावलं. काचेच्या दारातून त्याची फक्त पाठ दिसत होती. तिचा जीव टांगणीला लागला. स्वतःच्या पत्राचा तर तिला विसरच पडला होता.

अर्ध्या तासानं तिलाही आत बोलावलं. टेबलावर एक छोटी, तेलकट वही उघडी होती.

"ही यांची खासगी वही," अधिकारीबाई म्हणाल्या. "खरोखर तपासलेली दारं यांनी तारखेनिशी यात लिहिली आहेत. चौदा नंबरच्या गाडीचं तिसऱ्या डब्यातलं दुसरं दार पाच महिन्यांत एकदाही नाही." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "वही ठेवत होता, म्हणजे चूक कळत होती. मग सह्या का करत गेलात?"

"पहिल्यांदा भीतीनं," तो म्हणाला. "नंतर सवयीनं. भीतीपेक्षा सवय वाईट, बाई. भीती निदान टोचते."

साहेब म्हणाले, "मी असं कधीच सांगितलं नाही." तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाकीचे तिघं फिटर दारात उभे होते, तेलकट कपड्यांतच. सगळ्यांत वयस्कर होता त्यानं घसा खाकरला. "आम्हालाही तेच सांगितलं होतं. आमच्या सह्या पण तशाच आहेत. लिहून घ्या."

तिचं पत्र मागं घेतलं गेलं. रबर बदलेपर्यंत नऊ गाड्या शेडमध्ये उभ्या राहिल्या, आठवडाभर प्रवाशांनी बोटं मोडली. पाच नवे फिटर यायचं ठरलं. साहेब वर गेले, म्हणजे वरच्या मजल्यावर, कागदांच्या विभागात. आणि ठोकळ्याला लेखी ताकीद मिळाली, शिवाय तीन महिने सही करायची मनाई. त्याला गाड्या धुवायला पाठवलं. कॅन्टीनमधल्या खुर्च्या मात्र हळूहळू वळल्या. एका दुपारी त्या वयस्कर फिटरनं चालकांच्या टेबलावरून साखर मागितली आणि तिथंच बसून राहिला.

त्या तीन महिन्यांत तिच्या गाडीची पुढची काच जितकी स्वच्छ होती, तितकी कुठल्याच गाडीची कधी नव्हती. रोज सकाळी ती केबिनमध्ये चढायची तेव्हा तो बाहेर काचेवर कपडा फिरवत असायचा. आत ती, बाहेर तो, मध्ये फेसाचा पडदा. कपडा सरकला की चेहरा दिसायचा.

"किती पुसाल?" ती खिडकीतून विचारायची.

"डाग जात नाहीये."

"कुठं आहे डाग?"

"तोच तर शोधतोय…"

मग गाडी निघायची वेळ व्हायची. कधी ड्यूटीनंतर चहा, कधी स्टेशनपर्यंत सोबत. त्याच्या बहिणीचा निकाल लागला तेव्हा आईच्याही आधी त्यानं तिला कळवलं. वहिनीनं एकदा भावाला सांगितलं, "तुमच्या बहिणीची गाडी हल्ली घरी दहा मिनिटं उशिरा येते." भाऊ म्हणाला, "सिग्नल नसेल." वहिनी म्हणाली, "सिग्नल आहे म्हणूनच."

*

तीन महिने संपले आणि तो पुन्हा दारांवर आला. चौदा नंबरच्या गाडीला नवी रबरं लागली होती. प्रवाशांविना चाचणी घ्यायची होती: केबिनमध्ये ती, डब्यांत तो, दोघांच्या हातात वायरलेस. सकाळचे दहा वाजले होते. शेडच्या छतातल्या काचांमधून उन्हाचे पट्टे डब्यांवर पडले होते.

"पहिला डबा, पहिलं दार. उघडलं. बंद." त्याचा आवाज खरखरत यायचा, ती यादीवर खूण करायची. तिसऱ्या डब्याच्या दुसऱ्या दारापाशी तो जास्त वेळ थांबला. चार वेळा ठोकळा लावला. चारही वेळा दार उघडलं.

चोवीसावं दार झालं. "सगळी ठीक," तो म्हणाला. मग वायरलेस नुसताच खरखरत राहिला. "आणि… मला एक विचारायचं होतं."

"हे कंट्रोल रूमला ऐकू जातं," ती म्हणाली.

"आम्ही कान झाकलेत," कंट्रोल रूममधून कुणीतरी म्हणालं.

वायरलेस बंद झाला. तिला त्याची पावलं ऐकू आली. सहावा डबा, पाचवा, चौथा… रिकाम्या गाडीत पावलं फार स्पष्ट वाजतात. तिनं उगाच यादी सरळ केली, टोपी सरळ केली, मग टोपी काढूनच ठेवली. केबिनच्या दारात तो आला तेव्हा त्याला थोडी धाप लागली होती, आणि चालण्यानं लागावी इतकी गाडी लांब नव्हती.

"मी पाठ करून आलो होतो," तो म्हणाला. "चौथ्या डब्यापर्यंत लक्षात होतं."

"जेवढं आठवतंय तेवढं सांगा."

"तुम्ही मला आवडता. फार. तुम्ही जवळ असलात की मला खोटं बोलता येत नाही, आणि त्याचं ओझंही वाटत नाही… एवढंच आठवतंय."

त्याच्या भुवईपाशी वंगणाचा एक ठिपका होता. या वेळी तिनं नजर वळवली नाही. खिशातून रुमाल काढला आणि तो ठिपका पुसला, सावकाश.

"एक अट आहे," ती म्हणाली.

"काय?"

"हे 'तुम्ही, तुम्ही' बंद कर. माझ्या भावालासुद्धा कुणी इतका मान देत नाही."

त्याचा चेहरा असा उजळला, की ती हसायलाच लागली.

"रविवारी घरी ये," ती म्हणाली. "वहिनी जेवायला वाढेल आणि हजार प्रश्न विचारेल. तिला मी सांगितलंय तू येणार म्हणून."

"कधी सांगितलंस? मी तर आत्ता विचारलं."

"गेल्या महिन्यात."

बाहेर नव्या साहेबांनी शिट्टी वाजवली. गाडी मोकळी झाली होती, पहिल्या स्टेशनवर प्रवासी वाट बघत होते. तो खाली उतरला. तिनं टोपी घातली, आरशात पाहिलं आणि गाडी हलवली. शेडच्या तोंडाशी ऊन होतं, आणि गाडी ठरल्या मिनिटाला त्या उन्हात शिरली. त्याला पुढच्या गाडीवर जायचं होतं, पण शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत तो तिथंच उभा राहिला. वयस्कर फिटर मागून आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून तोही थोडा वेळ तिकडेच बघत राहिला.