तारा नसलेल्या तंबोऱ्याची शीळ

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आफरीननं एका तंबोऱ्याच्या चारही तारा काढून टाकल्या, तरी तो वाजतच होता. बारीक, टोकदार, लांब कुठंतरी कुकरची शिट्टी अडकून बसल्यासारखा. तिनं त्याच्या भोपळ्याला कान लावला. मग शेजारच्या तंबोऱ्याला लावला, मग भिंतीला, मग पाण्याच्या माठाला. सगळे मेले एकाच सुरात शीळ घालत होते.

तेव्हा तिला कळलं, वाजतोय तो आपलाच कान.

तिनं तंबोरा खाली ठेवला. आजोबांनी, म्हणजे तिच्या दादाजींनी, पहिल्यांदाच तिच्या हाती जवारी दिली होती. जवारी लावायची म्हणजे घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखाली सुताचा धागा असा सरकवायचा, की तार गुंजायला लागते. केसभर इकडंतिकडं झालं की गुंजन गेलं. सगळा खेळ कानाचा, आणि कानच फितूर झालेला.

दादाजी तिला कानाच्या डॉक्टरबाईंकडं घेऊन गेले. बाईंनी दोन्ही कान तपासले, मळ नाही, ऐकूही नीट येतंय म्हणाल्या, आणि मोठा आवाज कुठं ऐकलास ते विचारलं. चुलत बहिणीच्या वरातीत आफरीन डीजेच्या भिंतीला पाठ लावून नाचली होती, ते सांगताना तिनं मान खाली घातली. याला कर्णनाद म्हणतात (बाहेर आवाज नसताना कानात ऐकू येणारा आवाज), असं बाईंनी सांगितलं. कधी तो आपोआप जातो, कधी राहतो. राहिला तरी त्याच्याबरोबर मजेत जगता येतं. पण आफरीनला ते पटेना. न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा कसा?

दुसऱ्या दिवशी दुपारी तंबोऱ्याचं गिऱ्हाईक आलं. शनीच्या टायटन चंद्रावरून. टपालाच्या यानात जागा नव्हती म्हणून लोणच्याच्या बरणीत अंग चेपून बसून आलेलं. बाहेर पडून त्यानं हातपाय ताणले तेव्हा आफरीनच्या हातातला धागा गळून पडला. पाहुण्याचं अंग काचेसारखं आरपार होतं. तिनं मनातल्या मनात त्याचं नाव काचमामा ठेवलं, आणि लगेच तोंडानंही म्हणून टाकलं. काचमामा खूश झाला.

तंबोरा तयार नाही, हे सांगताना तिला रडू आलं. कारण ऐकून काचमामा तिच्यासमोर मांडी घालून बसला.

“माझाही कान शीळ घालतो,” तो म्हणाला. “अंतराळयानं गर्जत उडतात तिथं नोकरी होती ना. आमचे कान तुमच्यासारखेच असतात. बघ आत.”

दादाजींनी शेजारच्या तंबोऱ्याची एक तार छेडली. काचमामाच्या कानात पडदा थरथरला. त्यामागच्या चिमुकल्या हाडांनी तो धक्का पुढं ढकलला, तो पोचला कर्णशंखात (गोगलगायीसारखी वळलेली, पाण्यानं भरलेली नळी). पाण्यात लाट उठली. लाटेखाली केशपेशी (डोक्यावर केसांचे तुरे असलेल्या पेशी) डुलल्या, हजारोंनी, वाऱ्यावरच्या जोंधळ्यासारख्या. तुरा डुलला की ठिणगी उडायची, आणि मज्जातंतूवरून (निरोप नेणाऱ्या धाग्यावरून) पळत मेंदूत जायची. आफरीन आणखी जवळ सरकली. एवढंसं ते, आणि त्यात सगळी गाणी मावतात.

एका वळणावर मात्र तुरे आडवे झाले होते, गुरं शिरलेल्या शेतासारखे. तिथून एकही ठिणगी निघत नव्हती.

दादाजींनी तार हातानं धरली. सगळं थांबलं. पण मेंदूचा एक कोपरा चमचमतच होता.

“कानात काहीच नाही, मग हे काय पेटलंय?” आफरीननं हळूच विचारलं.

“त्या आडव्या तुऱ्यांकडून निरोप येत नाहीत,” काचमामा म्हणाला. “मेंदू वाट बघतो. मग ऐकण्याचं बटण वाढवत नेतो, वाढवत नेतो, आणि स्वतःचीच कुजबूज त्याला शीळ वाटते.”

“म्हणजे तो शोधतोय?”

“हरवलेल्या सुराला. आणि तू घाबरलीस की त्याला वाटतं, काहीतरी महत्त्वाचं आहे, अजून वाढव.”

दादाजी म्हणाले, “तंबोरा बारा वर्षं शेजारी वाजला तरी गाणाऱ्याला तो जाणवत नाही, पोरी. मेंदू त्याला घरचा समजतो.”

त्यांनी दुसरा, आधीच जुळलेला तंबोरा हळू छेडत ठेवला, शीळ बुडणार नाही, फक्त एकटी राहणार नाही इतका. काचमामाच्या डोक्यातला तो कोपरा हळूहळू इतर दिव्यांत मिसळला. विझला नाही. नजर मात्र आता सगळ्या रोषणाईवर जात होती.

आफरीननं तारा पुन्हा चढवल्या. धागा सरकवला. थोडा पुढं. थोडा मागं. जरासा. तार अचानक उमलली, आणि खोलीभर मधमाश्यांचं मोहोळ जागं झाल्यासारखं गुंजन पसरलं. काचमामा पायांपासून डोक्यापर्यंत उजळला. दादाजींनी डोळे मिटले आणि ऐकत मिटलेलेच ठेवले.

काचमामानं जाताना सांगितलं, की आडवे झालेले तुरे पुन्हा उगवून आणता येतील का, ते टायटनवरही शोधतायत आणि पृथ्वीवरही. आफरीन म्हणाली, तोवर पुढच्या वरातीत ती कानात बोळे घालून, लांबून नाचेल.

तंबोरा बगलेत घेऊन तो बरणीत शिरला. आफरीनला आठवलं, जवारी लावताना शीळ ऐकलीच नव्हती. आता आठवण काढली तशी ती आली, बारीक, टोकदार.

“बस तिथं,” आफरीन तिला म्हणाली, आणि पुढचा तंबोरा मांडीवर घेतला.