रविवारी पाचला, हेंद्रेपाड्यात

अंबरनाथ एमआयडीसीच्या रस्त्यावर एक टँकर आडवा झाला होता आणि त्याच्यामागे शेअर रिक्षात भाविका वीस मिनिटं अडकून पडली होती. शेजारी बसलेल्या तरुणाने एकदम पाण्याची बाटली माइकसारखी तोंडाशी धरली.

“आपण पाहू शकता, परिस्थिती गंभीर आहे. कॅमेरामन बाळासह मी, गंधार…”

रिक्षावाला बाळा आरशात बघून हसला. मग बाटली भाविकापुढे आली. “काकू, तुम्ही प्रत्यक्षदर्शी. काय पाहिलंत?”

काकू! भाविका चोवीस वर्षांची होती. खरं तर तिने चिडायला हवं होतं… पण तोंडून निघाली ती गावाकडच्या आत्याची, गोदूबाईची बोली.

“काय बगनार? सकालपासून हितंच हाय मी. आयले तवा पोरगी व्हते, तुमचे ट्रॅफिकनी काकू केली!”

अख्खी रिक्षा हसली. गंधार तेवढा हसायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला.

“कुठे शिकलात हे?”

“काय?”

“हेच… न ठरवता बोलणं.”

“त्यात शिकायचं काय? आमच्या घरी सगळे असेच बोलतात.”

“मग रविवारी पाचला हेंद्रेपाड्यात या. प्लीज.”

रविवारी ती तिथे गेली. एका क्लासच्या वरच्या हॉलमध्ये सहा-सात जण जमायचे. लिहिलेलं काही नाही, पाठांतर नाही. प्रेक्षकांतून कुणीतरी एक शब्द ओरडायचं आणि त्यावर तिथल्या तिथे विनोदी प्रवेश उभा करायचा. चाळीस माणसं पहिल्यांदा तिच्या एका वाक्यावर हसली, तेव्हा भाविकाचे कान गरम झाले. सोमवारी कंपनीत खोक्यांवरची लेबलं तपासताना ती मधेच एकटी हसली. मंगळवारीही.

दोन वर्षं गेली. त्या हॉलमध्ये ती गंधारची आई झाली, सासरा झाली, एकदा तर दोघं खुराड्यातल्या भांडखोर कोंबड्या झाले. खेळ चालू असेपर्यंत गंधार तिच्या डोळ्यांत बघायचा… बघावंच लागायचं, पुढचं वाक्य तिथूनच तर यायचं. खेळ संपला की तो खाली मान घालून चपला शोधायला लागायचा. आणि भाविका घरी जाताना त्या दहा मिनिटांतली त्याची नजर पुन्हा पुन्हा आठवायची. ती नजर तिच्यासाठी होती, की कोंबडीसाठी?

विचारायची हिंमत नव्हती. विचारलं आणि खेळच बिघडला तर? दोन्ही गेलं असतं – तोही, रविवारही.

मग एका शनिवारी ग्रुप चालवणाऱ्या रिद्धीचा फोन आला. “गंधारची बदली झालीये, भरूचच्या प्लान्टला. उद्याचा शेवटचा शो.”

रविवारी भाविका जिन्यातच थांबली. तो वर येताना दिसला, हातात समोशांचा पुडा.

“गंधार, एक सांगू? जोक नाहीये.”

“बोल ना.”

“मला तू आवडतोस. दोन वर्षं झाली. तू निघालायस म्हणून आज बोलतेय, नाहीतर बोलले नसते.”

गंधारने समोशांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला. तेवढ्यात वरून रिद्धी ओरडली, “अरे चला रे, लोक बसलेत!”

उल्हासनगर कॅम्प चारचे एक दुकानदार पहिल्या रांगेतून ओरडले, “मिक्सर रिपेअर!”

गंधार झाला दुरुस्तीवाला, भाविका गिऱ्हाईक. ती पुढे आली… आणि गंधार नुसता उभा. पाच सेकंद. दहा. मागे कुणीतरी खोकलं. बिघडवलंच शेवटी मी, तिला वाटलं. मग तिने कमरेवर हात ठेवले.

“काय हो, मिक्सर आणला मी दुरुस्तीला, नि तुम्हीच बंद पडले?”

हशा उठला. गंधारने मान वर केली.

“काय करणार बाई… आत्ताच कुणीतरी डायरेक्ट तीन नंबरवर चालू केलं मला.”

“मग? सोसलं नाय?”

“सवय नाही ना! दोन वर्षं पिन लावून ठेवलेली, बटण कुणी दाबलंच नाही.”

“स्वतः दाबायचं होतं! हात नाय तुमाला?”

“वाटायचं, शॉक बसेल.”

“आणि आता? जळली का काय मोटर?”

“नाही…” तो तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, “चालू आहे. जरा जास्तच.”

लोक पोट धरून हसत होते. त्यांना तो मिक्सर वाटत होता. भाविकाही हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तो उद्या जाणार हे ती त्या दहा मिनिटांत चक्क विसरली होती.

खुर्च्या आवरताना गंधार जवळ आला. “मलाही.”

“काय मलाही? नीट बोल. आता मिक्सर नाहीयेस तू.”

“मलाही तू आवडतेस, भाविका. त्या टँकरपासून.” मग त्याने विचारलं, “थांबशील माझ्यासाठी?”

तिने हातातली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. “‘थांबशील’ असं नको म्हणूस. मी दर रविवारी इथे असेन. मला हे आवडतं म्हणून. तू आलास तर… अजून आवडेल.”

तो गेला. पुढच्या रविवारी भाविका रिद्धीबरोबर उभी राहिली. लोक हसले, तीही मनापासून हसली. फक्त एका हशाच्या मधोमध तिची मान डावीकडे वळली, गंधार उभा राहायचा तिथे. तिथे भिंत होती.

रात्री गंधारचा फोन आला.

“आज काय शब्द मिळाला?”

“गांडूळखत.”

“अरे देवा! सांग ना सगळं. सुरुवातीपासून.”

तिने आवाज बदलून बदलून अख्खा प्रवेश करून दाखवला. भरूचला तो मोठ्याने हसत राहिला. प्रवेश संपला. फोन मात्र कुणीच ठेवेना.

“भाविका… इथे रविवारीही शिफ्ट असते, पण पुढच्या रविवारची सुट्टी टाकलीये मी.”

“अख्खी?”

“अख्खी.”

“मग पाचला ये,” ती म्हणाली. आणि लगेच, “नको… सकाळीच ये.”