चढणाऱ्या गाडीला वाट

‘सोबती बिघडला आहे,’ असं हेमांगी शेलारनं अहवालाच्या वहीत लिहिलं आणि त्याखाली ठसठशीत दोन रेघा ओढल्या. पृथ्वीपासून सव्वीस प्रकाशमिनिटं लांब, एकटीच्या यानात, भांडायला दुसरं कोणी नसलं की माणूस वहीवर राग काढतो.

यानाचं सरकारी नाव लांबलचक होतं. तिचा धाकटा भाऊ रणजित त्याला ‘त्रिशंकू’ म्हणायचा आणि तेच तिच्याही तोंडात बसलं होतं. एका लघुग्रहावरचे दगड गोळा करून परत यायचं, प्रवास बावीस महिन्यांचा, माणूस एकच. दगडांचं काम पोचल्यावर. तोवर तिला एक जोडकाम दिलेलं होतं आणि त्याचा तिच्या मित्रमंडळींना भारी हेवा वाटला होता. ‘वज्रखिंड’ या साहसी व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाची परीक्षा करायची. पृथ्वीवर लोकांनी हा दुसरा भाग अगदी डोक्यावर घेतला होता. चित्रं झकास, लढाया झकास, गोष्टही पहिल्या भागापेक्षा सरस. त्याबद्दल वाद नव्हताच. प्रश्न वेगळा होता: एकट्या प्रवाशाला या गेमची सोबत पुरेल का? पुढच्या वर्षी अशीच दोन एकांडी यानं सुटणार होती आणि त्यांच्यात हा गेम कोणत्या रूपात जायचा, हे हेमांगीच्या अहवालावर ठरणार होतं.

निघण्यापूर्वी पुण्याच्या प्रयोगशाळेत डॉ. केळुसकरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. समोर हेमांगी, रणजित आणि मुद्दाम कराडहून आलेले त्यांचे वडील, आप्पा.

“हा दोघांनी मिळून खेळायचा गेम,” केळुसकर म्हणाले. “पण हेमांगी तिकडे. रणजितनं इथे तलवार उगारली की हिला ती अर्ध्या तासानं दिसणार. तोवर शत्रूनं हिची चटणी केलेली असेल.”

“मग?” हेमांगीनं विचारलं.

“मग माणूस पाठवायचा नाही, त्याच्या सवयी पाठवायच्या. रणजित रोज कराडच्या घरी तासभर खेळेल. तो कुठे थांबतो, कशाला बिचकतो, कुठे चुकतो, यावरून यंत्र एक सवयसाचा बनवेल. तो साचा रोज यानाकडे येईल आणि तुझ्या पडद्यावरचा सोबती त्याप्रमाणे वागेल. तुझाही साचा रोज इकडे येईल. याच्या पडद्यावर तू.”

“म्हणजे ताईची कटकट आभाळातूनही चालू राहणार म्हणा,” रणजित म्हणाला.

“आणि हा आळशी एखाद्या दिवशी खेळलाच नाही तर?”

“तर आधीचा साचा चालू राहील. सोबती थांबणार नाही, त्यात नवं काही येणार नाही एवढंच. ताज्या दिवसाचं वजन सगळ्यांत जास्त. आणि साच्याला नावगाव कळत नाही बरं का. कंट्रोलरवर ज्याचा हात, त्याचा साचा.”

चौतीस वर्षं आप्पांनी कुंभार्ली घाटात एस.टी. चालवली होती आणि गेम म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे, हे त्यांचं जुनं मत होतं. ते म्हणाले, “एवढं शिकूनसवरून लेकीनं आभाळात जाऊन गेमच खेळायचा म्हना की!” सगळे हसले. हेमांगीही हसली.

त्याच दिवशी तिनं आणखी एका कागदावर सही केली. प्रवासात घरची कोणतीही वाईट बातमी मला कळवू नये, असं त्यावर लिहिलं होतं. सही न करण्याची मुभा होती. “तिकडे बसून रडून मी काय दिवे लावणार आहे? आल्यावर सांगा,” असं ती मोठ्या ऐटीत म्हणाली होती. आप्पांनी तो कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि परत दिला.

पहिले पाच-सहा महिने मजेत गेले. सोबती म्हणजे हुबेहूब रणजित. आगाऊ, पुढे पळणारा, कड्यावरून आधी उडी मारणार आणि मग खाली काय आहे ते बघणार. एक चूक तो कधी दुसऱ्यांदा करायचा नाही. रोज नवी शोधून काढायचा. हेमांगी एकटीच खो खो हसायची. तो तास संपला की मात्र यानाची घरघर ऐकू यायला लागायची आणि मग जेवणसुद्धा नको वाटायचं. चोवीस तासांत तिला माणूस भेटायचा तो तेवढाच.

मग केव्हातरी सोबती तेच तेच करू लागला. त्याच वळणावर तीच उडी, त्याच गुहेत तीच चूक. तिला वाटलं, कंटाळला असेल कार्टा. आणि त्यानंतर तर कहरच झाला. सोबती भिंतींवर आपटायला लागला. तलवार काढायची तिथे खाली बसायचा. दरीत तर इतक्यांदा पडला की तिनं मोजणं सोडून दिलं. दर रविवारी आप्पांचा आवाज यायचा, तोही हल्ली दोन वाक्यांचा. “रण्या कामात हाय. तू जेवतीस का येळेवर?” बस्स.

शेवटी तिनं केळुसकरांना निरोप धाडला. “सर, रोजचा साचा बंद करा. एकशे साठाव्या दिवसाचा रणजितचा साचा उत्तम होता, तोच माझ्याकडे कायमचा बसवा. पुढच्या यानांनाही मी हीच शिफारस करणार आहे. बिघडत जाणाऱ्या सोबत्यापेक्षा गोठवलेला बरा.”

बावन्न मिनिटांनी पडद्यावर केळुसकर आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “करता येईल. जुना साचा यानातच आहे, उद्या दुपारी इथून आज्ञा सोडली की बसेल. रोजचा साचा मग कायमचा बंद. पण हेमांगी, त्याआधी एक डाव खेळ. नीट बघून खेळ. मला यापेक्षा जास्त बोलता येत नाही.”

‘बोलता येत नाही’ म्हणजे काय, असं पुटपुटत ती खेळायला बसली. वही मांडीवर होतीच.

डाव बैलगाडीपासून सुरू व्हायचा. तिनं दोष नोंदवला: ‘गाडीत चढण्याआधी सोबती तिच्याभोवती विनाकारण एक फेरी मारतो आणि प्रत्येक चाकाला लाथ मारतो. रोज.’

पुढे खिंडीचा अरुंद रस्ता. गाडी उतारावर होती आणि खालून शत्रूचा रथ चढत येत होता. तिनं धनुष्य ताणलं. सोबत्यानं गाडी कडेला घेतली, डोंगराला चिकटवून उभी केली आणि रथाला खुशाल वाट करून दिली. रथातल्या माणसानं जाता जाता त्याच्या छातीत बाण मारला.

‘सोबती शत्रूला वाट दे—’ एवढं लिहून हेमांगीचा हात थांबला.

लहानपणी सुट्टीत ती आणि रणजित आप्पांच्या गाडीत पुढे, इंजिनाच्या गरम झाकणावर बसायचे. निघताना आप्पा गाडीभोवती फेरी मारायचे, प्रत्येक टायरला लाथ घालून आवाज ऐकायचे. आणि घाटात खालून कोणी येताना दिसलं की कितीही उशीर झालेला असो, गाडी कडेला. प्रवासी कुरकुरले की म्हणायचे, “चढनाऱ्या गाडीला वाट द्यायची. उतरनाऱ्यानं थांबायचं. घाटाचा कायदा हाय त्यो.”

“आप्पा?” ती मोठ्यानं म्हणाली. यानात तिचाच आवाज घुमला.

आप्पांनी जन्मात कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता. मग आत्ताच का धरला? रणजित कुठे गेला? तिनं साच्यांची नोंदवही उघडली. रोज एक साचा आलेला होता, एकशे एकाहत्तराव्या दिवसापर्यंत. पुढच्या ओळी कोऱ्या. नवा साचा थेट एकशे पंच्याऐंशीव्या दिवशी.

तिनं कोऱ्या ओळी बोटानं मोजल्या. पुन्हा मोजल्या. तेरा होत्या.

तेरा दिवस घरात कोणी काही केलं नव्हतं. चौदाव्या दिवशी आप्पा उठले होते आणि रण्याच्या खुर्चीत जाऊन बसले होते. लेकीला कळवायचं नाही, तिनंच तसं लिहून दिलं होतं. पण वर तिचा सोबती थांबता कामा नये, म्हणून त्यांनी दरीत पडायला सुरुवात केली होती.

हेमांगी रडली. हुंदक्यांनी रडली, ओरडून रडली. ऐकायला तरी कोण होतं! तोंडानं एकच चालू होतं, “का सही केली गं बये, का केलीस?”

रडून रडून थकल्यावर तिला उद्याची आज्ञा आठवली. जुना साचा बसला असता तर रणजित तिला पुन्हा रोज भेटला असता, तसाच आगाऊ, पुढे पळणारा. परतीपर्यंत भेटला असता. कुणी नाही म्हणणार नव्हतं. तिनंच मागितला होता. तिचं मन त्याच्याकडे इतकं ओढलं जात होतं की तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले. पण तो रणजित आता नवी चूक कधीच करणार नव्हता. आणि तिकडे एक म्हातारा माणूस रोज तासभर चुकत होता.

“सर, आज्ञा सोडू नका,” तिनं निरोप दिला. “रोजचाच साचा येऊ द्या. पुढच्या यानांनाही ताजाच साचा द्यावा, अशी माझी शिफारस आहे. कारण अहवालात लिहीन.” मग वहीतल्या त्या दोन रेघांच्या वरचं वाक्य तिनं खोडलं आणि लिहिलं: ‘सोबती शिकतो आहे. वेळ द्यावा.’

ती पुन्हा खेळायला बसली. गाडीभोवती तिनं एक फेरी मारली, दोन्ही चाकांना लाथ घातली. खिंडीत रथ चढत आला तेव्हा तिनं धनुष्य खाली ठेवलं आणि कडेला थांबली. बाण लागला. पुन्हा डाव, पुन्हा फेरी, पुन्हा तेच. तासभर तिनं दुसरं काही केलं नाही. संध्याकाळी तिचा साचा पृथ्वीकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी कराडमध्ये आप्पांच्या पडद्यावर ती गाडीभोवती फिरली असणार, चाकांना लाथा मारल्या असणार.

तिसऱ्या दिवशी त्यांचा साचा आला. हेमांगीनं डाव उघडला. सोबती गाडीपाशी आला, पण फेरी मारली नाही. एका चाकाला हात लावून तो खाली बसला आणि उठलाच नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शत्रू येऊन मारून गेले. नव्या डावात तो पुन्हा तिथेच येऊन बसला. आदल्या दिवशीच्या पूर्ण तासात त्या हातांनी एवढंच केलेलं होतं.

तिनं वही मिटून ठेवली, आपल्या योद्ध्याला चालवत गाडीपर्यंत नेलं आणि त्याच्या शेजारी बसवलं.