डाव्या कानातलं व्हायोलिन

लाँड्रीतल्या मैफलीला मैफल म्हणावं की नाही, हे तिचं अजून ठरत नव्हतं. समोर कपडे धुण्याची यंत्रं गरगरत होती, त्यांच्या घरघरीवर एक बाई डोळे मिटून सेलो वाजवत होती, आणि तिकीट काढून आलेली शहाणीसुरती माणसं आत फिरणाऱ्या मोज्यांकडे भक्तिभावानं बघत होती. या शहराला संध्याकाळी काय सुचेल याचा नेम नाही.

"जरा तिकडे सरकाल? मला या टोकाला बसायचंय."

बाक जवळजवळ रिकामा होता. उजवीकडे हवी तेवढी जागा होती, पण या गृहस्थाला नेमकी तिचीच हवी होती.

"या टोकाला काय वेगळं ऐकू येतं?"

"तुम्ही," तो म्हणाला.

ती सरकली. रागानंच, पण सरकली. तिच्या मनात लगेच जमाखर्च सुरू झाला. जमेला पावसानं भिजलेले केस आणि ते ओशाळं हसू. खर्चाला हा आगाऊपणा. एरवी हिशेब बरोबरीत सुटला असता, पण त्या दिवशी ती सकाळपासूनच धुसफुसत होती.

कारणही तसंच होतं. एका तळघरातल्या संगीताच्या अड्ड्यावर ती साउंड सांभाळायची. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांना आवाज खपत नाही, म्हणून तिथे स्पीकरच नव्हते. प्रत्येक श्रोता कानाला हेडफोन लावून ऐकायचा. कुठलं वाद्य कुठल्या कानात किती, हे सगळं मिक्सरवर फिरणाऱ्या तिच्या बोटांवर. आणि सकाळच्या पेपरात, शहरातल्या चित्रविचित्र कार्यक्रमांवरच्या सदरात, कुणीतरी छापलं होतं की व्हायोलिनवाला सगळी संध्याकाळ गज हलवत होता, ते ऐकू येऊ देण्याची तसदी मात्र साउंडवाल्यांनी घेतली नाही. अड्ड्याच्या मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि बजावलं, शनिवारी पुन्हा तक्रार आली तर मिक्सरवर माझा भाचा बसेल. भाच्याची लायकी एवढीच, की त्याच्या हेडफोनला निळे दिवे होते.

रागाला श्रोता लागतो. तिनं हे सगळं त्या शेजारच्याला ऐकवलं. तो मान तिच्याकडे वळवून, मन लावून ऐकत होता… आणि ऐकता ऐकता त्याचं हसू मावळलं.

"ते मी लिहिलंय," तो म्हणाला.

ती बाकावरच त्याच्याकडे वळली.

"व्हायोलिन डाव्या कानात होतं. पूर्ण डाव्या कानात, मी स्वतः ठेवलेलं. तुम्हाला कान नाहीत का?"

"डावा नाही," तो म्हणाला.

लहानपणी गालगुंड झालं, त्यात तो कान गेला. पेपरात कुणाला सांगितलं नव्हतं. एका कानाच्या माणसाला गाण्याबद्दल कोण लिहू देणार?

दुसरी एखादी इथे विरघळली असती. ही आणखी पेटली. एक कान नाही म्हणून दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा? डोळ्यांना गज हलताना दिसत होता, मग एकदा उठून विचारायला काय झालं होतं? यावर तो म्हणाला, विचारलं नाही याचीच लाज वाटते, कानाची नाही. या उत्तराचा तिला भयंकर राग आला, कारण त्यापुढे भांडायला काही उरलंच नाही.

शनिवारी तो आला. मावशींना खरं सांगून टाकतो, म्हणाला. तिनं फटकारलं, उपकार नकोत, आधी नीट ऐका. गाणं सुरू झालं. भाचा जिन्यापाशी दिवे लुकलुकवत उभाच होता. व्हायोलिन चढू लागलं, आणि नेमका त्याच वेळी हा तिच्या डावीकडून वाकून काहीतरी पुटपुटला. वैतागून तिनं हेडफोनची डावी वाटी मागे सारली.

"काय?"

"म्हटलं… रागावलात की तुम्ही ओठ चावता."

पुढचं तिनं ऐकलंच नाही. व्हायोलिन गेलं होतं. समोर गज वरखाली होत होता आणि कानात त्याचा पत्ता नव्हता.

तिनं मान वर करून तळघराकडे पाहिलं. माणसं जोडीजोडीनं बसली होती, आणि कितीतरी जोड्यांनी एकेक कान उघडा ठेवला होता… एकमेकांसाठी. तो डावा असला की व्हायोलिन गायब. इतके दिवस असंच चाललं होतं, आणि तिला पत्ता नव्हता. ती एकटी बसून, दोन्ही कान बंद करून आवाज तपासायची. मिक्सरवर असताना तिच्या कानाशी कुजबुजणारं कधी कुणी नव्हतं. तिला संताप आला – स्वतःचा, त्या जोड्यांचा, सगळ्यांत जास्त त्याचा, कारण तो बरोबर निघाला होता. तिनं एक बटण मधोमध फिरवून व्हायोलिन दोन्ही कानांत आणलं. पुढच्या रांगेत कुणाच्या खांद्यावर डोकं टेकवलेली एक मुलगी दचकून व्हायोलिनवाल्याकडे बघू लागली.

कार्यक्रमानंतर त्यानं मावशींना आपली चूक सांगितली, तिनं आपली. मावशी म्हणाल्या, "म्हणजे दोघंही चुकलात, आणि भाच्याला मी उगाच बोलावलं." मिक्सर तिच्याकडेच राहिला.

त्यानं मात्र पुढच्या सदरात सगळं छापलं, स्वतःच्या कानासकट. संपादकांनी गाणं काढून घेतलं आणि त्याला फुलांची प्रदर्शनं दिली.

त्यानं हे सांगितलं तेव्हा ती कामावर निघाली होती. ती तशीच पेपरच्या कचेरीत गेली. तो मागून "राहू द्या हो, फुलंही छान असतात" म्हणत येत होता. तिनं ऐकलं नाही. केबिनमध्ये शिरून तिनं संपादकांना उभ्या उभ्या सुनावलं. मला दोन कान आहेत, तरी व्हायोलिन हरवतंय हे मला कधी कळलं नाही. ह्यांना एक आहे, आणि ह्यांच्यामुळे आज माझं सगळं तळघर व्हायोलिन ऐकतंय. चूक छापायला छाती लागते; तुमच्या पेपरात अशी माणसं किती आहेत? आणि हा माणूस गुलाब मोजत बसणार?

संपादक दमलेले होते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"बरं बाई, लिहू दे त्याला गाण्यावर. पण आपण यांच्या कोण लागता?"

हा प्रश्न तिनं येताना हिशेबात धरलेला नव्हता.

"ते… अजून ठरलेलं नाही."

"ठरलंय," तिच्यामागून तो म्हणाला. "माझ्यापुरतं तरी. केव्हाच."

ती गर्रकन वळली. गाल लाल झाले होते, पण राग तसूभरही उतरला नव्हता.

"आणि हे मला कधी सांगणार होतास?"