वसंतरावांचं हलतं चित्र

मिरजेत त्या काळी भिंतीवरच्या घड्याळालाही शेपूट बांधत. शेपूट हललं तर घड्याळ दिसायचं, नाहीतर भिंत कोरी. खोटं वाटेल, पण माठावर भिंगरी लावली नाही तर घरात पाणी असून लोक तहानेने तडफडत.

दोष डोळपानाचा. डोळपान म्हणजे बुबुळावर चिकटवलेलं वेबपेज, जन्मभर उघडं. आपलीच जाहिरात उठून दिसावी म्हणून प्रत्येक जाहिरातवाल्याने कोपऱ्याकोपऱ्यांत हलती चित्रं नाचवली. त्या धिंगाण्यात मेंदूने स्थिर गोष्टींची दखल घेणंच सोडलं. मेलेल्या माश्यांच्या ढिगात बेडूक उपाशी मरतो म्हणतात, कारण न हलणारी माशी त्याच्या लेखी नसतेच. माणसाचाही बेडूक झाला. या रोगाचं नाव स्थिरांधत्व.

शरयू बिवलकरच्या नवऱ्याचा, वसंतरावांचा, लकव्याने पार ओंडका केला होता. श्वाससुद्धा रजईखाली बुडालेला.

“दोनदा ह्यांच्यावर धुण्याच्या घड्या रचल्या हो मी!” डोळपानं रचणाऱ्या डॉक्टर खासनीसबाईंपुढे ती रडली. “भरवायचंच राहून जातं.”

“तुमच्या डोळपानात पलंगावर एक हलता बाण ठेवू. त्यांच्याकडे बोट दाखवील आणि थांबेल. चित्राने नजर पोचवायची असते, धरून ठेवायची नसते.”

“नवऱ्याच्या डोक्यावर बाण? संडासाची पाटी आहे का ती? त्यापेक्षा ह्यांचंच चित्र ठेवा, लग्नात हसले होते तसं हसू द्या की ह्यांना!”

बाईंना हसू आलं. त्यांनी ऐकलं, तिथेच फसल्या.

पंधरवड्याने त्या घरी आल्या, तर शरयू पलंगावर हवेत चमचा धरून बसलेली.

“आता कसं गोड हसतात! खीर तर मागून घेतात.”

खीर रजईवर सांडत होती. बाईंनी चाचपलं. हाताला नुसती हाडं लागली. नाडी मात्र होती, सुतासारखी.

“शरयूबाई, हे इथे आहेत! खाली!”

“तिथे काय चाचपताय? हे बघा, तुमच्याकडे बघून हसले!”

बाईंनी तिच्या डोळपानातलं चित्र बंद केलं.

शरयूचा चमचा गळून पडला. “गेले! अहो, बोलता बोलता गेले हो हे!” तिने पलंगाच्या काठावर हात आपटून बांगड्या फोडल्या. बाई तिचा हात ओढून वसंतरावांच्या छातीवर टेकवू लागल्या. तिने तो हिसकावून घेतला.

तेवढ्यात उशीवरून एक थेंब ओघळला. तो हलला, म्हणून तिला दिसला. पदराने टिपत ती म्हणाली, “छतालाही मेलं आजच गळायचं होतं!”