कारणाचा रकाना

कारकूनबाईचा दिवस शिक्क्याने सुरू व्हायचा. जन्मतःच वाढीत काही राहून गेलेली मुलं त्या तपासणी केंद्रात यायची, आणि प्रत्येकाच्या अर्जाच्या तळाशी ‘कारण’ नावाचा रकाना असायचा. मोठ्या डॉक्टरांना चौकशीचा घोळ नको. म्हणून बाई सकाळीच पन्नास कोरे अर्ज पुढ्यात ओढायची आणि मूल दारात येण्याआधीच ठोकून मोकळी व्हायची. कारण अज्ञात. कारण अज्ञात. आधी कळस, मग पाया.

सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या लेकीच्या अर्जावरही तिने हाच शिक्का मारला होता. लेक अजून बोलत नव्हती, भिंतीला धरून चालायची. सासूचं मात्र एकच पालुपद, ‘हिच्याच पोटात खोट.’ नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. बाईच्या मस्तकात तिडीक जायची, पण दाखवणार काय? तो शिक्का?

एका मंगळवारी तिने गठ्ठ्यातला अर्ज उचलला, तर शिक्का गायब. जागेवर निळ्या शाईत, दाबून लिहिलेलं एक वाक्य होतं. ‘सातव्या महिन्यात जिन्यावरून ढकललं.’

समोर बाळ घेऊन एक बाई बसली होती, शेजारी तिचा नवरा. दोघांनी कागदाला हातही लावला नव्हता.

“जिन्यावरून पडला होतात का?” कारकूनबाईने हळूच विचारलं.

त्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो ताडकन उठला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

पुढच्या अर्जात होतं, ‘कुणाचा दोष नाही. एक गुणसूत्र जास्त आलं.’ ते ऐकून त्या मुलाची आई तोंडात पदर कोंबून रडली. रडताना हसतही होती. त्यानंतरच्या अर्जात होतं, ‘बाळ अडलं होतं. मोठे डॉक्टर दोन तास आले नाहीत.’

मोठ्या डॉक्टरांनी तो अर्ज स्वतः फाडला. “असला चावटपणा इथे चालणार नाही,” ते म्हणाले. नवा अर्ज घेतला, त्यातही तेच वाक्य.

दुपारी बाईने जुन्या कपाटातून लेकीचा अर्ज काढला. कागद पिवळा पडलेला, वाक्य मात्र ताजं. ‘दुकानातलं शिसं. आई कपडे धुवायची.’

ती खाली बसली. नवरा आणि दीर दुकानात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. अंगावरच्या काळ्या धुळीसकट घरी यायचे, आणि पोटुशी असताना ते कपडे रोज तीच झटकून धुवायची. सासूच्याच हुकमाने! सहा वर्षं चोर सोडून संन्याशाला फाशी.

अर्ज पर्समध्ये घालून ती तणतणत घरी गेली. मोरीपाशी धाकटी जाऊ बसली होती, तिसरा महिना. पुढ्यात त्याच काळ्या कपड्यांचा ढीग. सासू कौतुकाने बघत होती.

“बघ, कशी कामाला वाघ आहे. हिच्या पोटी धडधाकट लेकरू येईल. सगळ्याच काही तुझ्यासारख्या नसतात.”

बाईचा हात पर्सच्या चेनीवर होता. तो तिथेच थांबला. येऊ दे, तिला वाटलं. येऊ दे हिचंही माझ्या लेकीसारखं, मग विचारते खोट कुणाच्या पोटात ते. वाटल्याचं तिला लगेच वाईटही वाटलं. उद्या सांगू, तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सासूने पुन्हा टोमणा मारला. तिसऱ्या दिवशीही मारला. रोजच्या संतापात ते सांगणं मागे पडत गेलं. केंद्रात शिक्के पुन्हा जागच्या जागी उमटू लागले. असे तीन महिने गेले.

मग एका सकाळी गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा अर्ज शिक्का मारण्याआधीच भरलेला निघाला.

मुलाचं नाव कोरं. जन्मतारीख कोरी. पत्ता तिच्याच घराचा.

कारण : ‘दुकानातलं शिसं. थोरल्या जावेला माहीत होतं.’

तिने फोन लावला. बराच वेळ वाजला.

“ताई, हात ओले आहेत हो,” धाकटी म्हणाली. मागे नळ चालू होता. “कपडे धुतेय. मागाहून करू?”

“टाक ते हातातलं! आत्ता टाक! शिसं आहे त्यात, विष आहे. आजच्या आज डॉक्टरांकडे जायचंय आपल्याला!”

नळ बंद झाला.

“ताई,” ती म्हणाली, “तुम्हाला कधी कळलं?”

बाईने अंगठा थुंकीने ओला करून ते वाक्य खसाखसा पुसायला घेतलं.

कागद फाटला. शाई कधीचीच वाळली होती.